बाराताऱ्या इलेक्ट्रिक गिटारची नेक: ४३ मिमी अरुंद आहे की नटच चुकलाय?

रावपुरा_रिदम (बडोदा)
बाराताऱ्या इलेक्ट्रिक (तारा सहा जोड्यांत), बोल्ट-ऑन म्हणजे स्क्रूने जोडलेली नेक (दांडी), स्केल म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी ६४८ मिमी, नटजवळ (चाव्यांकडची खाचांची पट्टी) नेक ४३ मिमी. ब्रिजला बारा वेगवेगळे सॅडल (तार टेकते ते सरकते तुकडे). तारा १०-४६ चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात): १०/१०, १३/१३, १७/०८, २६/१२, ३६/१८, ४६/२६.

तक्रारी दोन. उघडा ए मेजर किंवा डी मेजर धरला की बोट शेजारच्या जोडीला टेकतं आणि त्या जोडीचा आवाज दबतो. आणि पुल-ऑफ (दाबलेलं बोट तार ओढत उचलणं) करताना सगळ्यात खालची पातळ ई कडेवरून निसटते. आता ४५ किंवा ४८ मिमीची नवी नेक बसवावी का? बसवायची तर रुंदी किती घ्यावी? नवरात्राआधी गिटार तयार हवी.

मालवी_मिड्स (इंदूर)
सरळ ४८ घ्या. बहुतेक बाराताऱ्या अकूस्टिकला नट ४७.६ असतोच, म्हणजे १ ७/८ इंच. लोक काही उगाच रुंद करत नाहीत.

कानसवाला (बडोदा)
थांबा, नेक मागवू नका. ४३ हा आकडा अपुरा नाही. रिकनबॅकरच्या पारंपरिक ३६०/१२ ला नट १ ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मिमी. साठच्या दशकातला सगळा खणखणाट त्याच रुंदीवर वाजलाय. बोटं जाड असणाऱ्यांना ती नेक छळते हे खरं, आणि ६६०/१२ ला त्याच कंपनीने १ ३/४ इंच म्हणजे ४४.५ दिले तेही खरं. पण तुमच्याकडे या दोघांच्या मधली रुंदी आहे. प्रश्न रुंदीचा नाही, वाटणीचा दिसतोय.

आधी हे मोजून टाका:
१) नटवर जोडीतल्या दोन तारांमधलं अंतर, मध्य ते मध्य.
२) एका जोडीची शेवटची तार ते पुढच्या जोडीची पहिली तार, मध्य ते मध्य.
३) पहिली आणि बारावी तार कडेपासून किती आत, नटवर आणि शेवटच्या फ्रेटवरही (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या).
४) ब्रिजवर पहिली ते बारावी.
५) शेवटच्या फ्रेटवर नेकची रुंदी.

व्हर्नियर तारांमध्ये नीट बसत नाही. नटच्या अगदी पुढे, तारांखालून कागदी टेपची पट्टी सरकवा, बारीक टोकाच्या पेन्सिलीने प्रत्येक तारेच्या दोन्ही बाजूंना खूण करा, पट्टी काढून टेबलावर मोजा. ०.१ मिमीपर्यंत भरवसा ठेवता येतो.

रावपुरा_रिदम
मोजलं.
जोडीतलं अंतर सगळीकडे २.६. जोड्यांमधलं ४.५. नटवर दोन्ही कडा २.४५. ब्रिजवर पहिली ते बारावी ५२. बाविसाव्या फ्रेटवर नेक ५६. तिथे जाड बाजूची कड ४.७, पातळ बाजूची ३.२.

कानसवाला
झालं निदान. एकाऐवजी दोन दोष निघाले.

पहिला: जोडीत २.६ म्हणजे नुसती उधळपट्टी. सहा जोड्या गुणिले २.६ = १५.६ मिमी. जिथे बोट जातच नाही तिथे एवढी जागा गेली. उरलेल्यातून पाच फटी ४.५ च्या, म्हणजे २२.५. एकूण ३८.१. ४३ मधून ते गेले की कडांना २.४५ उरतात.

तेच गणित जोडीत १.९ धरून करा. कडा ३-३ ठेवल्या तर तारांना ३७ मिळतात. ३७ वजा ११.४ = २५.६, भागिले पाच = ५.१. म्हणजे जोड्यांमधली फट ४.५ वरून ५.१ होते, कडाही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतात, आणि खर्च एका हाडाच्या पट्टीचा.

गंमत बघा: ४१.३ च्या नेकवर कडा ३ आणि जोडी १.९ ठेवली तर फट ४.८ येते. तुमच्या ४३ पेक्षा ती जास्त आहे! नेक अरुंद, तरी हाताला मोकळी.

दुसरा दोष: शेवटच्या फ्रेटवर ४.७ आणि ३.२. तारा पातळ बाजूला सरकल्यात, म्हणजे नेक खाचेत तिरकी बसलीय. ई निसटण्यात याचाही वाटा आहे. हे नटच्या आधी सोडवा, नाहीतर नट नवा आणि रडगाणं जुनं.

सूरसागर_स्लाइड (बडोदा)
नेक सरळ करायची रीत: तारा दोन-तीन सूर उतरवा, पूर्ण काढू नका, कारण तारा हीच तुमची ओळंब्याची दोरी. नेकचे चारही स्क्रू अर्धा फेरा सैल. एक हात बॉडीवर, दुसरा हेडस्टॉकवर (नेकचं चाव्यांचं टोक), आणि हेडस्टॉक जाड तारांच्या बाजूला हलकेच ढकला. नेक खाचेत फिरते आणि तिच्या वरच्या टोकाबरोबर नटही जाड बाजूला जातो. ब्रिज जागेवरच असल्यामुळे तारा फ्रेटबोर्डवर जाड कडेकडे सरकतात, पातळ बाजूची कड वाढते. कडा सारख्या दिसल्या की नेक तशीच धरून स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा. खाचेत जागाच नसेल तर स्क्रूची बॉडीतली भोकं तपासा. स्क्रू नेकच्या लाकडात शिरतात तसे बॉडीतही आटे धरून बसले असतील तर नेक हलत नाही. बॉडीची भोकं स्क्रू सहज आरपार जाईल इतकी मोकळी हवीत.

सूर परत चढवल्यावर पुन्हा मोजा. ताणाखाली नेक थोडी परत सरकते.

मालवी_मिड्स
मान्य. पण अकूस्टिकवाले मग ४७.६ का देतात?

कानसवाला
तिथे तारा जाड, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त, आणि बरेच जण बोटांनी छेडतात, उजव्या हाताला जोड्या लांब लागतात. इलेक्ट्रिकवर पिकने स्ट्रमिंग किंवा आर्पेजिओ. ४७.६ ला फट जवळपास ६ येते, मोकळं वाटतं, पण बारा तारांचा बार कॉर्ड तेवढ्या रुंदीवर लांबवर धरून बघा. आणि अंगठा वरून आणून जाड ई दाबायची सवय असेल तर ती सोडावी लागते. माझं मत: इलेक्ट्रिकला ४३ ते ४४.५. त्याच्यापुढे प्रत्येक मिलिमीटर एका हाताला देता तो दुसऱ्याकडून काढून घेता.

घोडी_आणि_अटी (ग्वाल्हेर)
जोडी १.९ पेक्षाही जवळ का नको, असा प्रश्न कुणी विचारेल म्हणून लिहितो. सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) बघून वाटतं की तारा कितीही जवळ बसतील. पण तरफ स्वतः छेडली जात नाही, तिची कंपनं लहान. इथे दोन्ही तारांना पिकचा मार बसतो. फार जवळ आणल्या की जोरात स्ट्रम केल्यावर त्या एकमेकींवर आपटतात आणि फ्रेट बझसारखी खरखर येते. लोक मग अ‍ॅक्शन वाढवत बसतात.

ओळखायचं कसं: जोडीतली एक तार बोटाने थांबवून दुसरी जोरात छेडा. खरखर गेली तर दोष अंतराचा. तरी राहिली तर फ्रेटचा किंवा नटच्या खाचेचा.

दुसरी गोष्ट, मध्य ते मध्य सारखं अंतर ठेवणं जाड जोडीवर अन्याय आहे. ४६ ची तार १.१७ मिमी, २६ ची ०.६६. दोघींच्या त्रिज्या मिळून ०.९ झाल्या. मध्य ते मध्य १.९ ठेवलं तर मोकळी हवा १.०. पातळ ई च्या जोडीत तेवढ्याच अंतरात हवा १.६५. आणि जास्त झुलते कोण? जाड.

म्हणून उतरती वाटणी करा: जाड ई २.१, ए २.०, डी १.९, जी १.८, बी १.७, ई १.७. बेरीज ११.२. एकसारख्या १.९ पेक्षा एकूण जागा कमीच लागते.

सूरसागर_स्लाइड
जोड्यांमधल्या फटीलाही हाच न्याय. बोट शिरतं ते तारेच्या काठापासून काठापर्यंतच्या जागेत, मध्य ते मध्यमध्ये नाही.

रावपुरा_रिदम
समजलं. जोडीत पातळ तार वर ठेवायची की जाड? सध्या पातळ वर आहे, म्हणजे खाली मारताना पिक आधी पातळ तारेला लागते. रिकनबॅकरवर उलटं असतं ना?

घोडी_आणि_अटी
हो. नेहमीच्या बाराताऱ्यावर सप्तकाची तार (जाड जोड्यांतली पातळ, एक सप्तक वर लावलेली) आधी येते, रिकनबॅकरवर मूळ सुराची. खाली मारलेल्या आघातात आधी मूळ सूर, मागून सप्तक, म्हणून त्यांचा आवाज अंगाने भरीव आणि वर चमक असा येतो. आवड ज्याची त्याची. पण ठरवायचं ते खाचा पाडण्याआधी. नट कापल्यावर क्रम उलटा केला तर ०.६६ च्या खाचेत १.१७ ची तार बसणार नाही, आणि १.१७ च्या खाचेत ०.६६ ची तार सतारीसारखी जवारी (भुणभुणता झंकार) काढेल. सतारीत ती हवीहवीशी, इथे नको.

फ्रेटकड (बडोदा)
एक गोष्ट सगळे विसरताहेत. ४३ ही लाकडाची रुंदी. फ्रेटची टोकं तिरकी घासलेली असतात, तेवढा भाग तारेच्या कामाचा नाही. घासणी जास्त आडवी असेल तर प्रत्येक बाजूला अर्धा ते एक मिमी जातो. मग नटवर कड ३ दिसते पण खरी २.२ च. पहिल्या पाच फ्रेटची वरची सपाट रुंदी मोजा. ती ४१ च्या खाली असेल तर पातळ बाजूची कड ३.२ ते ३.४ ठेवा, जाड बाजूची २.८ चालते. जाड बाजूला पुल-ऑफ फार कोण करतं? इथे तर जाड बाजूची पहिली तार सप्तकाची २६ ची आहे, कडेला हलकी तार आली, ते बरंच.

बडोद्याच्या मे महिन्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला टोचायला लागतात. ती उन्हाळ्यात घासून सपाट केलीत तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर टोकं आत गेलेली दिसतात. तेव्हा कडांचं काम उन्हाळ्यात हातचं राखून.

रावपुरा_रिदम
सपाट भाग ४१.६ आहे. नेक सरळ केली. शेवटच्या फ्रेटवर आता ४.० आणि ३.९. ई निसटणं निम्म्याने कमी झालं. बाकी निम्म्यासाठी नट बदलतोच. पायऱ्या सांगा. कानशींचा खास संच मिळणं अवघड दिसतंय.

कानसवाला
नट बदलायचा आहे, नाटक नाही, तेव्हा घाई नको. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर.

तारा सगळ्या एकदम उतरवू नका. या संचाचा ताण सहाताऱ्याच्या दुप्पट, साधारण ९०-९५ किलो. आळीपाळीने थोड्या-थोड्या सैल करा, मग ट्रस रॉड (नेकचा वाक सावरणारी आतली सळई) पाव फेरा सैल. तारा नसताना नेक मागे वाकून तशीच राहू नये म्हणून.

जुन्या नटच्या दोन्ही बाजूंनी ब्लेडने पॉलिशची रेघ कापा. हे चुकवलंत तर नटबरोबर हेडस्टॉकच्या रंगाची खपली निघते. मग लाकडी ठोकळा टेकवून फ्रेटबोर्डच्या बाजूने हलका ठोका. खाचेतला जुना गोंद खरवडा, लाकूड नको.

नवी पट्टी हाडाची घ्या. सतार दुरुस्त करणाऱ्यांकडे जवारीसाठी असतेच, फक्त तेल काढलेली, पांढरी, आत छिद्रं नसलेली बघा. खाचेत घट्ट पण बोटाने निघेल अशी. तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. तळाशी पोकळी राहिली तर आवाज बसतो, वरून कितीही चकाकी द्या.

मधोमध उभी चिरलेली पेन्सिल फ्रेटवर आडवी ठेवून नटवर रेघ ओढा. ती फ्रेटची उंची. खाचांचा तळ या रेघेच्या किंचित वर राहायला हवा.

कानशी: गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या सुयांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गोल, दातेरी, वेगवेगळ्या जाडीच्या. १७ च्या तारेपासून ४६ पर्यंत त्या चालतात. प्रत्येक सुईची जाडी व्हर्नियरने तपासा, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. ०८, १०, १२ आणि १३ साठी सुया जाड पडतात. तिथे फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) ०.२५ आणि ०.३५ च्या पात्यांच्या कडेला त्रिकोणी कानशीने दाते पाडा, करवतीसारखं चालतं. खाच तारेपेक्षा ०.०५ मिमी रुंद. त्याहून सैल झाली तर तार आडवी हलते आणि तुमचं १.७ चं गणित पाण्यात.

कानस हेडस्टॉककडे किंचित उतरती धरा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवर टेकेल. मागे टेकली तर उघडी तार भुणभुणते.

घोडी_आणि_अटी
खोलीबद्दल. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: जाड वेटोळ्याच्या तारेखाली ०.१ ते ०.१५, साध्या पातळ तारेखाली त्याच्या निम्मं. दोघींचे तळ एकाच रेघेवर ठेवले तर जाड तार वर डोकावते, बोट आधी तिला लागतं आणि पातळ उशिरा दबते. जाड ई च्या जोडीत हा फरक अर्धा मिलिमीटर. म्हणून सप्तकाच्या तारेची खाच जराशी उथळ ठेवा, पण जराशीच. दोघींचे माथे पूर्ण एका पातळीत आणायला गेलात तर सप्तकाची तार पहिल्या दोन फ्रेटवर चढी वाजेल. मधला मार्ग धरा, उरलेलं बोटाचं मांस सांभाळून घेतं.

नटचा माथा जास्त वर ठेवू नका. वेटोळ्याची तार अर्धी खाचेत, अर्धी बाहेर. खोल दरीत तार अडकते आणि सूर लावताना टक-टक करत उडी मारते. बारा तारांत हा आवाज ऐकलात की खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

रिफ_रतलामकडचा (इंदूर)
मधेच विचारतो: सहाताऱ्या स्ट्रॅटची (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) ४२ ची नेक घेऊन बाराताऱ्या करता येईल का? वरच्या गणिताने ४.९ ची फट येते म्हणजे बसतंय.

कानसवाला
नटवर बसतंय, बाकी कुठेच नाही. बारा चाव्या त्या हेडस्टॉकवर बसवल्या की वजनाने नेक खाली झुकते. ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगांवर दुप्पट ताण. सहा सॅडलवर जोडीतल्या दोन तारा एकाच लांबीच्या, म्हणजे जाड तार सुरात आणली की सप्तक चुकतं. दोघींना लागणाऱ्या जागांत एक-दोन मिमीचा फरक असतो. फेंडरने १९६५ च्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हला बारा सॅडल दिले ते उगाच नाही. हौस असेल तर नऊतारी करा: पातळ बाजूच्या तीन जोड्या दुहेरी, जाड बाजूच्या तीन तारा एकेरी. जागा भरपूर, ताण दीडपट, आणि चमक बरीचशी मिळते. सातताऱ्याची ४८ ची नेक घेण्याचाही विचार लोक करतात, पण हेडस्टॉकचा प्रश्न तिथेही तोच.

मालवी_मिड्स
ब्रिजवर पण जोडी १.९ च का?

सूरसागर_स्लाइड
नाही. तिथे तारेचं आंदोलन नाही, पण पिक तिथून जवळ चालते. २.५ ते ३ बरं. बारा सॅडल असतील तर सॅडलच्या रुंदीनेच ते ठरतं, फार हलवता येत नाही. फक्त एवढं बघा की जोडीचा मध्य पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणारा भाग) खिळ्यावर येतोय. एक तार खिळ्यावर आणि दुसरी बाहेर असं झालं तर जोडीतली एकच ऐकू येते आणि माणूस नटला दोष देतो.

रावपुरा_रिदम
क्रम सध्याचाच ठेवतोय, पातळ आधी. जोड्यांमधली हवा काठ ते काठ ४.६५ सारखी धरली. जाड बाजूच्या कडेपासून प्रत्येक खाचेचा मध्य, मिमी:

ई सप्तक २.८०, ई ४.९०
ए सप्तक १०.३६, ए १२.३६
डी सप्तक १७.६२, डी १९.५२
जी सप्तक २४.६०, जी २६.४०
बी ३१.०४, बी ३२.७४
ई ३७.६९, ई ३९.३९

पातळ बाजूला कड ३.६ उरते. जरा जास्त वाटतेय, पण निसटण्यापेक्षा बरी. पट्टीवर सुईने खुणा करू का?

घोडी_आणि_अटी
अजून नको. बी ची पहिली खाच तपासा. जी ची १७ आणि बी ची १३, त्रिज्या मिळून ०.३९. ४.६५ मध्ये मिळवले की ५.०४. २६.४० अधिक ५.०४ म्हणजे ३१.४४, तुम्ही ३१.०४ लिहिलंय. तिथून पुढच्या चारही खाचा ०.४ ने आत सरकल्यात. बरोबर आकडे: ३१.४४, ३३.१४, ३८.०९, ३९.७९. कड ३.२१ उरते, जी फ्रेटकड यांनी सांगितलेल्या हद्दीत आहे.

कानसवाला
आणि सुईची खूण पट्टीवर थेट नको. आकडे कागदावर छापून किंवा आखून तो कागद पट्टीच्या माथ्यावर चिकटवा, त्यातून खूण करा. आधी दोन्ही टोकांच्या तारांच्या खाचा पाडा, तारा बसवून कडा बघा, मग मधल्या दहा. टोकाची चुकली तर पट्टी बाजूला अर्धा मिमी सरकवून वाचवता येते. मधली चुकली तर नवी पट्टी. गोंद अगदी शेवटी, दोनच थेंब.

सूरसागर_स्लाइड
तारा चढवताना सगळ्यात शेवटी जी ची ०८. संचात सगळ्यात जास्त तुटणारी तीच. मैदानात नऊ रात्री वाजवणार असाल तर ०८ च्या पाच-सहा सुट्या तारा जवळ ठेवा, किंवा सगळी गिटार अर्धा सूर खाली लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). ताण जवळपास ११ टक्के उतरतो, नेकही सुटकेचा श्वास घेते. कॅपो मात्र सपाट रबराचा आणि कडक स्प्रिंगचा, नाहीतर जाड तार दबते आणि शेजारची पातळ तशीच उघडी राहते.

रावपुरा_रिदम
३१.४४ दुरुस्त केलं. कागद चिकटवलाय. टोकाच्या दोन खाचा आज, ट्रस रॉड कधी आवळायचा?

कानसवाला
बारा तारा सुरात आल्यावर एक रात्र जाऊ द्या. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यावर फट बघा. ०.२ ते ०.२५ असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर एका वेळी फक्त पाव फेरा, आणि पुन्हा सुरात आणूनच मोजायचं.

फ्रेटकड
पावसाळ्यात मोजलंत तर दिवाळीनंतर एकदा पुन्हा मोजा. तोवर हवा कोरडी झालेली असते.

रावपुरा_रिदम
टोकाच्या दोन्ही बसल्या. कडा २.८ आणि ३.२. उद्या मधल्या दहा.